लिफ्टचं गणित आणि माझा उलटा बाण

काल रात्री लिफ्टच्या एकाच गणितावर पाऊण तास गेला. माणूस 60 किलोचा, लिफ्ट खाली येतेय, पण वेग दर सेकंदाला 2 मी./से.ने कमी होतोय. पायाखालचा रेटा किती? मी डोळे झाकून 60 × (9.8 − 2), म्हणजे 468 न्यूटन लिहून मोकळी. उत्तर होतं 708! आधी पुस्तकालाच नावं ठेवली. मग मुकाट्याने माणसाच्या जागी एक ठिपका काढला: खाली वजन 588, वर जमिनीचा रेटा. लिफ्ट खाली येत असली तरी वेग घटतोय, म्हणजे त्वरण (वेग बदलण्याचा दर) वरच्या दिशेला. माझा बाणच उलटा! 2 वजा नाही, मिळवायचे होते: 60 × (9.8 + 2), म्हणजे 708. (खोडून खोडून कागद फाटला, ते वेगळंच.) आता आकडे घालण्याआधी त्वरणाचा बाण काढते, तोही लाल पेनाने. घर्षणाची गणितं अजून तशीच पडलीत.