बोटीचं तिकीट होतं, त्यावर माझं नाव नव्हतं

मार्च 2025 मध्ये आम्ही दोघं सिंगापूरहून क्रूझने शांघायला गेलो आणि बोट सोडल्यावर सहा रात्री चीनमध्ये राहून परत आलो. भेटेल तो भिंतीबद्दल विचारतो, बुलेट ट्रेनबद्दल विचारतो. मला मात्र चीन म्हटलं की आधी एक कागद आठवतो, व्हिसासाठी लागलेलं क्रूझ कंपनीचं पत्र. त्या एका पानासाठी मी अकरा दिवस टूरवाल्याच्या ऑफिसात खेटे घातले, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

मुळात चीनमध्ये राहायचं हा हट्ट यांचा. हे सोलापूरचे, चीन-जपान युद्धात जखमींवर उपचार करायला चीनला गेलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या गावचे. बोट शांघायला संपते हे माहितीपत्रकात वाचलं आणि यांनी चष्मा काढून ठेवला. "एवढं चीनच्या दारात जायचं आणि तसंच विमानात बसायचं?" कोटणीसांची समाधी शिच्याच्वांग शहरात आहे आणि बीजिंगहून वेगवान गाडीने तिथे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, हेही यांनी शोधून ठेवलं होतं. मला बीजिंगचा जुना राजवाडा, फोर्बिडन सिटी, बघायचा होता. म्हणून बेत असा ठरला: दोन रात्री शांघाय, चार रात्री बीजिंग, आणि बीजिंगहून बँकॉकमार्गे मुंबई.

टूरवाल्याच्या ऑफिसातला मुलगा गोड बोलणारा. "काकू, व्हिसाचं टेन्शनच नका घेऊ. क्रूझवाल्यांना चीन पंधरा दिवस व्हिसा-फ्री आहे." मी बँकेत एकतीस वर्षं काढली आहेत. 'टेन्शन घेऊ नका' असं कोणी म्हटलं की मी मूळ कागद मागते. घरी येऊन लेकाबरोबर नियम वाचायला बसले. नियम खरा आहे. 15 मे 2024 पासून शांघाय, त्यान्चिन, श्यामेन अशा 13 बंदरांवर क्रूझने येणाऱ्या परदेशी गटांना पंधरा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पण गट चिनी ट्रॅव्हल कंपनीने जमवलेला हवा आणि मुख्य म्हणजे त्याच बोटीने पुढे जाऊन चीन सोडायला हवा. आम्ही तर बोटीला शांघायलाच रामराम करणार होतो. म्हणजे ही सवलत आमच्यासाठी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी त्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मग 240 तासवाली स्कीम आहे ना." तीही वाचली. एका देशातून येऊन तिसऱ्या देशात जाणाऱ्यांना दहा दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, पण ठरावीक देशांच्याच पासपोर्टवर. तेव्हा त्या यादीत 54 देश होते आणि भारत त्यात नव्हता. तिसरी स्कीम ऐकायला मी थांबले नाही. साधा टुरिस्ट व्हिसा काढायचा, विषय संपला.

विषय तिथे सुरू झाला.

फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो आणि तो लांबलचक आहे. आईवडिलांची नावं, नोकऱ्या, आधीचे परदेश प्रवास, कोणत्या रात्री कुठल्या गावात, कुठल्या हॉटेलात, सगळं. येण्याच्या रकान्यात फ्लाइट नंबर मागतात. आमच्याकडे कुठलं फ्लाइट? मी बोटीचं नाव लिहिलं, फॉर्मने ते निमूट घेतलं, मला वाटलं जमलं. प्रिंट, फोटो, पासपोर्टच्या झेरॉक्स, हॉटेलं, परतीचं विमान, सगळं क्लिप लावून व्हिसाच्या ऑफिसात घेऊन गेले. खिडकीतल्या मुलीने पानं उलटली. परतीचं तिकीट बघून मान हलवली, हॉटेलं बघून मान हलवली, मग क्रूझची पावती उचलली आणि विचारलं, "यात तुमचं नाव कुठे आहे?"

खरंच नव्हतं. पावतीवर यांचं नाव आणि पुढे 'अधिक 1 पाहुणा'. एकतीस वर्षांची नोकरी, बेचाळीस वर्षांचा संसार, आणि मी अधिक एक! शिवाय पावतीत बंदरांची नुसती यादी होती. शांघायला बोट थांबते एवढं कळत होतं, आम्ही तिथे कायमचे उतरणार हे कुठेच नव्हतं. मुलीचं काही चुकलं नव्हतं. ती म्हणाली, कंपनीचं पत्र आणा, दोघांची नावं आणि कुठे उतरणार ते लिहिलेलं. एवढं सोपं.

टूरवाल्याकडे गेले. तो म्हणाला, उद्या देतो. 'उद्या' चार दिवस चालला. मेल पाठवलाय काकू, कंपनीचं ऑफिस बाहेरच्या देशात आहे, त्यांची सुट्टी आहे, सिस्टिम डाउन आहे. मी थेट क्रूझ कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की बुकिंग एजंटमार्फत आहे, एजंटशीच बोला. म्हणजे पैसे माझे, प्रवास माझा, नाव 'अधिक एक', आणि बोलायची परवानगी त्याला.

सहाव्या दिवशी पत्र आलं. दोघांची नावं होती, मी पेढे वाटायचे बाकी होते. खिडकीवर परत. मुलीने पत्र वाचलं, फॉर्म बघितला आणि दोन तारखांखाली पेन्सिलने रेघ मारली. पत्रात प्रवास '5 ते 18 मार्च' आणि आमचं शांघायचं हॉटेल 19 पासून. "18 च्या रात्री तुम्ही कुठे राहणार?" मी म्हटलं, बोटीत! 18 ची शेवटची रात्र बोटीत, उतरणार 19 ला सकाळी. पत्र लिहिणाऱ्याने रात्री मोजल्या होत्या. तिला माझं पटलं असावं, पण पटणं आणि कागद यात फरक असतो, हे मी स्वतः काउंटरपलीकडे बसून हजारो लोकांना सांगितलेलं आहे. परत आले. लोकलमध्ये खिडकी मिळाली तरी बाहेर बघावंसं वाटलं नाही.

अकराव्या दिवशी मी डबा घेऊनच टूरवाल्याच्या ऑफिसात गेले. त्याला म्हटलं, आज पत्र झाल्याशिवाय मी उठत नाही, तुझं चालू दे. दुपारी पोळीभाजी तिथेच खाल्ली. येणारी नवी गिऱ्हाइकं मला 'तुमचा अनुभव कसा आहे' असं विचारू लागली, तेव्हा कुठे साहेब केबिनमधून बाहेर आले. मजकूर मीच सांगितला, त्यांनी टाइप करून कंपनीकडे पाठवला आणि संध्याकाळी पाचला शिक्क्यासह परत आला. म्हणजे काम एका दिवसाचंच होतं.

तुम्हाला हे पत्र लागलं तर त्यात एवढं असू द्या: प्रत्येकाचं पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, पासपोर्ट नंबर, बोटीचं नाव, चढायचं बंदर आणि तारीख, उतरायचं बंदर आणि तारीख, आणि 'हे प्रवासी इथे प्रवास संपवून उतरतील, बोटीने पुढे जाणार नाहीत' असं स्पष्ट वाक्य. बुकिंग करतानाच मागा. पैसे भरायच्या आधी सगळे गोडच बोलतात.

पुढच्या आठवड्यात व्हिसा हातात आला. सिंगल एंट्रीची फी तेव्हा 2900 रुपये होती. आम्हाला एकच एंट्री पुरली, कारण वाटेत व्हिएतनाम आणि हाँगकाँग होतं आणि हाँगकाँग या हिशेबात वेगळं धरतात. पण तुमची बोट आधी श्यामेनला लागून, मग जपान किंवा कोरियाला जाऊन परत शांघायला येणार असेल तर त्या दोन एंट्री झाल्या. मार्ग बोट ठेवून मोजा. हाँगकाँगसाठी आपल्याला ऑनलाइन नोंदणी करून चिठ्ठी छापून न्यावी लागते. फुकट आहे, दहा मिनिटांचं काम.

सिंगापूरला बोटीत चढताना काउंटरवर चीनचा व्हिसा आधी तपासला. आमच्या पुढे सुरतेचं एक जोडपं होतं, शांघायलाच उतरणारं, त्यांनाही कोणीतरी 'पंधरा दिवस फ्री' सांगितलेलं. त्यांना बाजूला बसवलं. बोट सुटेपर्यंत मी डेकवर त्यांना शोधत होते, ते दिसले नाहीत. तेव्हा पहिल्यांदा मला त्या खिडकीतल्या मुलीचे आभार मानावेसे वाटले.

बोटीबद्दल लिहीत नाही. खाणं भरपूर होतं आणि हे दोन किलोंनी वाढले.

शांघायला मोठ्या बोटी शहरात लागत नाहीत, वूसोंगखोउ नावाच्या धक्क्याला लागतात. ह्वांगपू नदी यांगत्सेला मिळते तिथे, शहराच्या पार उत्तरेला. पहाटे डेकवर आलो तर पाणी जुलैतल्या खाडीसारखं गढूळ तांबूस, आणि दोन्हीकडे मालवाहू बोटींची रांग. इथून हॉटेलवर पोचायला आम्हाला टॅक्सीने तासाच्या वर लागला, म्हणून उतरण्याच्या दिवशी दुपारपर्यंत काही ठरवू नका. पासपोर्ट तपासायला, बोटांचे ठसे द्यायला रांग मोठी होती. माझं पत्र मी हातातच धरलं होतं. अधिकाऱ्याने मागितलं, वाचलं आणि परत दिलं. मला भरून आलं. ह्यांना त्यात काय विशेष ते कळलं नाही.

संध्याकाळी नदीकाठच्या बंडवर फिरलो. हा शब्द मूळचा आपल्याकडूनच तिकडे गेलेला, बांध-बंदमधला. पलीकडच्या काठावर पुडोंग भागाचे दिवे. फोटो मलाही काढता आले.

पैशांचं महत्त्वाचं राहिलं. तिथे भाजीवालीसुद्धा फोनवर पैसे घेते, पण आपलं यूपीआय आम्हाला कुठे चालताना दिसलं नाही. अलीपे किंवा वीचॅट हे तिथलं पैसे द्यायचं ॲप घरूनच सुरू करून त्याला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड जोडा, कारण ओटीपी आपल्या नंबरवर येतो. 200 युआनच्या वरच्या व्यवहाराला 3 टक्के जादा कापतात, खालच्याला नाही. हे कळल्यावर आम्ही हॉटेलात जेवणाची दोन बिलं मागू लागलो. थोडी रोख जवळ ठेवाच. व्हॉट्सॲप आणि गूगल हॉटेलच्या वायफायवर उघडत नाहीत, आपल्या सिमच्या रोमिंगवर उघडतात.

शांघाय ते बीजिंग 1318 किलोमीटर, बुलेट ट्रेनने साडेचार तासांत. तिकिटं पंधरा दिवस आधी सुटतात, म्हणजे आम्ही नुकतेच बोटीत चढलेलो असताना. लेकाने 12306 या रेल्वेच्या ॲपवर काढली. पासपोर्ट हेच तिकीट, आपण फक्त माणूस उभा असतो त्या गेटने जायचं.

राजवाड्याचं मात्र वेगळंच. फोर्बिडन सिटीची तिकिटं सात दिवस आधी चिनी वेळेप्रमाणे रात्री आठला सुटतात. आमचा शनिवार होता 22 तारखेचा, म्हणजे 15 ला आम्ही भर समुद्रात, आणि बोटीचं वायफाय गोगलगायीसारखं. रात्री आठ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. लेक डोंबिवलीत ऑफिसातून लवकर येऊन बसला आणि त्याने आमचे पासपोर्ट नंबर टाकून दोन तिकिटं मिळवली, मार्चमध्ये चाळीस युआन, एप्रिलपासून साठ. क्रूझनंतर जाणाऱ्यांनी घरात असं एक माणूस नेमूनच निघावं. सोमवारी राजवाडा बंद असतो, म्हणून सोमवारी आम्ही मुत्यानयूला भिंत बघायला गेलो. वर जायला केबल कार आहे. उतरायला घसरगाडीही आहे. मी बसले, हे बसले नाहीत.

रविवारी शिच्याच्वांग. शहिदांच्या उद्यानात चीनमध्ये असंच काम केलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचीही समाधी आहे आणि कोटणीसांचा पुतळा आहे. 1938 मध्ये भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक, 9 डिसेंबर 1942 ला बत्तीसाव्या वर्षी गेले. यांनी सोलापूरची एक लहानशी चादर पिशवीत आणली होती, मला न सांगता. ती तिथे ठेवायची की नाही यावर आमची पाच मिनिटं कुजबुज झाली. शेवटी पुतळ्यासमोर नुसतीच उलगडली, फोटो काढला आणि घडी घालून परत पिशवीत ठेवली.

शाकाहारी असाल तर 'वो छ् सू' हे तीन शब्द कागदावर चिनीत लिहून न्या. मी म्हटल्यावर कोणालाच कळले नाहीत, कागद दाखवल्यावर कळले.