घरचं लॅन: न येणारा पिंग, न उघडणारा शेअर आणि ११ एमबीवर अडलेला वेग

सध्याची मांडणी अशी: हॉलमध्ये डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) चालणारा जुना डेस्कटॉप, त्यावर सांबा, म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला उघडता यावेत यासाठीचं सॉफ्टवेअर. आतल्या खोलीत विंडोज ११ प्रोचा (२४एच२ आवृत्ती) लॅपटॉप. दोन्ही केबलने एकाच राउटरला. डेस्कटॉपवरून लॅपटॉपला पिंग केलं (म्हणजे 'आहेस का?' असा छोटा संदेश पाठवला) तर उत्तर नाही, आणि लॅपटॉपवर डेस्कटॉपचा शेअर (सामायिक फोल्डर) उघडत नाही.

पिंगला उत्तर आलं नाही की बरेच जण आधी राउटर बंद-चालू करतात. मी म्हणेन, आधी एआरपीचा तक्ता बघा, म्हणजे कोणत्या आयपीमागे कोणतं मशीन आहे याची यादी. डेबियनवर बसल्या जागी 'आयपी नेबर' चालवलं, तर लॅपटॉपच्या आयपीसमोर त्याचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) हजर! म्हणजे केबल जिवंत आहे, दोन्ही मशीन एकमेकांना सापडतायत, फक्त लॅपटॉप पिंगला उत्तर देत नाहीये. विंडोजची फायरवॉल पिंग अडवते, पण एआरपीला उत्तर जातंच. तिथे 'फेल्ड' दिसलं असतं तर मोर्चा केबलकडे वळवला असता. वायफायवर असाल तर राउटरमधलं एपी आयसोलेशनही (वायफायवरच्या मशीनना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) बघा. आणि आयपीच १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीकडून (आपोआप आयपी वाटणारी सेवा, घरात बहुधा राउटरच) पत्ताच मिळालेला नाही, आधी ते सोडवा.

विंडोजने घरचं नेटवर्क 'पब्लिक' धरलं होतं. ते 'प्रायव्हेट' केलं, फाइल शेअरिंग चालू केलं, पिंग सुरू झाला.

शेअर मात्र तरीही उघडेना. सांबावर तो पासवर्डशिवाय, गेस्ट म्हणून ठेवलेला होता. २४एच२ पासून विंडोज ११ प्रो एसएमबी साइनिंगचा, म्हणजे फाइल शेअरिंगच्या प्रत्येक संदेशावर डिजिटल सही असण्याचा आग्रह धरतं, आणि गेस्टला पासवर्डच नसल्यामुळे सही करायला लागणारी किल्ली तयार होत नाही. साइनिंग बंद करण्याचे उपाय सर्रास सुचवले जातात. मला ते पटत नाहीत. डेबियनवर 'एसएमबीपासडब्ल्यूडी -ए' ने युजर बनवला, शेअरवरचा गेस्ट काढला, लॅपटॉपवर तेच नाव-पासवर्ड दिले. लगेच उघडला.

मग मोठी फाइल टाकली, तर वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. हा आकडा दिसला की लिंक १०० एमबीपीएसवर (सेकंदाला मेगाबिट; ८ बिटचा एक बाइट) आहे हे जवळपास नक्की. लिंकचा वेग दाखवणाऱ्या 'इथटूल'नेही तेच दाखवलं. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १००ला दोनच (पिन १, २, ३, ६). त्यामुळे उरलेल्या दोनपैकी एखादी जोडी तुटली तरी नेटवर्क चालत राहतं आणि कुणाला शंकाही येत नाही. केबल टेस्टरवर ७ आणि ८ चे दिवे लागले नाहीत, म्हणजे तपकिरी जोडी. टोक कापून टी५६८बी या तारांच्या ठरलेल्या रंगक्रमाने नवीन आरजे४५ (केबलच्या टोकाचा प्लग) क्रिंप केला. आता वेग मोजणाऱ्या आयपर्फ३ वर ९४० एमबीपीएसच्या आसपास मिळतायत. गिगाबिटवर याहून जास्तीची अपेक्षा नाहीच, मी जाम खूश आहे!

पुढचं काम: डेस्कटॉपवर अवाही (लॅनवर मशीनचं नाव जाहीर करणारं सॉफ्टवेअर) बसवून आयपीऐवजी '.लोकल' नावाने शेअर उघडायचा.