कोनती लाईनमा उभा राहू, नाना?

चुलतभावाच्या पोराला एजंट भेटलाय. अमळनेरला चार एकर कापूस, पोरगं आयटीआय झालेलं, सध्या सुरतेत उधन्याला लूमवर. अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा नाकारला गेला. आता एजंट म्हणतो, चाळीस लाखांत दुसऱ्या रस्त्याने पोचवतो. मी फोनवर इथे अमेरिकेतल्या सगळ्यांसारखंच ऐकवलं: आम्ही रांगेत उभे राहिलो, तूही राहा. तर म्हणतो, "कोनती लाईनमा उभा राहू, नाना?"

बसलो शोधायला. एच-1बी, म्हणजे शिकलेल्यांचा नोकरीचा व्हिसा, वर्षाला 65,000, शिवाय इथे मास्टर्स केलेल्यांना 20,000. पण डिग्री हवी. डायव्हर्सिटी लॉटरी, म्हणजे सोडतीने मिळणारं कायम राहण्याचं ग्रीन कार्ड? पाच वर्षांत 50,000हून जास्त लोक आले त्या देशांना बंद, म्हणजे आपल्याला बंद. अकुशल कामगारांची ग्रीन कार्डं साऱ्या जगाला मिळून वर्षाला फार तर 10,000, आणि त्यासाठी इथल्या मालकाने अर्ज करायला हवा. उधन्याच्या पोराला इथला कोण मालक ओळखतो? सख्खा भाऊ अमेरिकन नागरिक असता तर अर्ज चालला असता, नंबर लागायला दीड दशकाहून जास्त. मी पडलो चुलतकाका, आणि नागरिकही नाही. टुरिस्ट व्हिसाचा कायदा तर धरूनच चालतो की समोरचा परत जाणार नाही. जाणार आहे हे त्याने पटवायचं. बिनलग्नाचं, चार एकरांचं पोरगं काय पटवणार?

आणि चोरवाटेचं गणित बघा. अमेरिकेच्या जमिनीवर पाऊल पडलं की कसंही आलेल्याला आश्रय मागता येई. 1980 पासून कायद्यात आहे. खटला वर्षानुवर्षं चाले, अर्जाला सहा महिने झाले की कामाचा परवाना मिळू शके. जून 2024 मध्ये आणि पुन्हा जानेवारी 2025 मध्ये हे दार जवळजवळ लावून घेतलं. एजंट मात्र अजून जुनंच गणित मांडून दाखवतो.

इथले मित्र म्हणतात, चाळीस लाख आहेत तर गावात धंदा टाका की! अरे भो, ते चाळीस लाख असतात कुठे? शेत, बायकांचं सोनं, मेहुण्याचं उसनं. अमळनेरात वर्कशॉप टाकायला यातला एक जण पैसा काढणार नाही, अमेरिकेसाठी सगळे काढतात. माझ्या वेळीही शेत गहाण पडलंच होतं, फक्त विद्यापीठाचं पत्र होतं म्हणून बँक उभी राहिली.

तरी राग येतो, खोटं कशाला बोलू. ग्रीन कार्डात एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे मी अजून लटकलेलाच. व्हिसाचा शिक्का वेळेत मिळाला नाही तर नोकरी जाईल, या धास्तीने आईच्या वर्षश्राद्धाला गेलो नाही. हे सगळं पाळून कोणी कुंपणावरून उडी मारून माझ्या शेजारी येऊन बसला तर चिडू नको?

मग नवापूर स्टेशन आठवतं. निम्मा फलाट महाराष्ट्रात, निम्मा गुजरातेत. अर्धा खानदेश तिथूनच सुरतेला पोटामागे गेला, कागद कोणी मागितला नाही. देश आणि राज्य यांतला फरक मला कळतो. पोटाला कळतो की नाही, माहीत नाही.

पण पोराला नकोच म्हणालो. जानेवारी 2022 मध्ये गांधीनगर जिल्ह्यातल्या डिंगुचाचं चौघांचं कुटुंब, त्यात दोन लेकरं, कॅनडाच्या बाजूला सीमेजवळ बर्फात गोठून गेलं, ते सांगितलं. डिसेंबर 2023 मध्ये निकाराग्वाला निघालेलं 303 प्रवाशांचं विमान फ्रान्समध्ये वात्रीला अडकलं, बहुतेकांना मुंबईला परत यावं लागलं, ते सांगितलं. 5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला लष्करी विमानातून 104 जण उतरले, प्रवासभर हातापायांत बेड्या. त्यात तिघे महाराष्ट्राचे होते, तेही सांगितलं. त्याचं उत्तर आलं: "ते स्वस्तातल्या एजंटचे होते, नाना."

रविवारी त्याच्या बापाला फोन लावणार आहे. सातबारा बापाच्या नावावर आहे.