स्वार्थमोर की हॅवरफर्ड? विज्ञानाची ओढ असलेल्या लेकीसोबत दोन दिवस

"आर्ट्सला घालताय होय तिला?" साताऱ्याहून आईने फोनवर काळजीने विचारलं. लिबरल आर्ट्स कॉलेजात भौतिकशास्त्र, रसायन, गणित सगळं शिकवतात, हे तिला समजावून सांगितलं. स्वार्थमोर आणि हॅवरफर्ड ही अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळची दोन्ही कॉलेजं फक्त पदवीपर्यंतची. पीएचडीचे विद्यार्थीच नसल्यामुळे प्राध्यापकांच्या संशोधनात हाताशी असतात ती पदवीची मुलं. आम्ही तेवढ्यासाठीच तिथे चाललो होतो. लेकीला जीवशास्त्र आवडतं आणि यंत्रं उघडून पुन्हा जोडायचाही नाद आहे.

ऑक्टोबरात गुरुवार-शुक्रवार तिची शाळा बुडवून न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघालो. जाणाऱ्यांनी सत्र चालू असतानाच जावं, तेही कामाच्या दिवशी. उन्हाळ्यात इमारती दिसतात, वर्ग दिसत नाहीत. ऑक्टोबरच्या मध्याला दोन्हीकडे सुट्टी असते, त्या तारखा आधी बघून घ्या. कॉलेज दाखवणारी फेरी आणि माहितीसत्राची नावनोंदणी वेबसाइटवर करा, आणि एखाद्या वर्गात बसायला मिळेल का, हे तेव्हाच विचारा. दोन्ही गावांच्या लोकल फिलाडेल्फियाच्या थर्टीएथ स्ट्रीट स्टेशनवरून सुटतात, पण मार्ग वेगळे. एका दिवसात दोन्ही उरकायची तर गाडी हवीच.

स्वार्थमोरला स्टेशनवरून उतरलं की ओकच्या झाडांमधून चढाव थेट कॉलेजच्या मुख्य इमारतीकडे जातो. सगळा परिसरच वृक्षोद्यान आहे, झाडांना नावाच्या पाट्या आहेत. साधारण १,६०० ते १,७०० मुलं. लिबरल आर्ट्स कॉलेजात सहसा न आढळणारी एक गोष्ट इथे आहे: स्वतःचा इंजिनिअरिंग विभाग आणि ४ वर्षांत बीएस. त्या लॅबमध्ये एक मुलगी छोट्या सर्किट बोर्डवर डाग देत बसली होती. कॉलेजच्या रानातून वाहणाऱ्या ओढ्याचं पाणी तपासायला ती उपकरण बनवत होती. लेकीने विचारलं तेव्हा तिने भिंग पुढे सरकवलं आणि म्हणाली, "हा सांधा कच्चा आहे, बघ." पुढची वीस मिनिटं दोघी त्या बोर्डवरच वाकलेल्या. आमची फेरी पुढे निघून गेली, मीही हाक मारली नाही.

पहिल्या सत्राचे ग्रेड गुणपत्रिकेत येत नाहीत, फक्त उत्तीर्ण की नाही एवढंच लागतं. नव्या मुलांसाठी मला हे फार मोलाचं वाटतं. १९२२ पासून ऑनर्सची पद्धत आहे, त्यात शेवटची परीक्षा बाहेरून आलेले तज्ज्ञ घेतात. अभ्यास मात्र दमवणारा. भेटलेल्या प्रत्येक मुलाने हे सांगितलं, आणि कौतुकानेच सांगितलं.

हॅवरफर्ड १८३३ चं, त्याहून थोडं लहान, तळं आणि पायवाटांचं, शांत. परीक्षेला पर्यवेक्षक नसतो, सत्राअखेरचे बरेचसे पेपर मुलं स्वतःच्या सोयीने ठरलेल्या दिवसांत देतात. सगळी भिस्त ऑनर कोडवर, म्हणजे प्रामाणिकपणाच्या नियमावलीवर. मला आधी हे खरं वाटलं नव्हतं. तिथल्या मुलांशी बोलल्यावर पटलं. अमेरिकेत असून कॉलेजचा क्रिकेटचा अधिकृत संघ आहे, हे कळल्यावर साताऱ्याच्या आजोबांचं मत लगेच इकडे झुकलं!

जीवशास्त्र करणाऱ्यांनी इथलं 'सुपरलॅब' विचारूनच यावं. तिसऱ्या वर्षी मुलं पुस्तकात उत्तर दिलेले प्रयोग सोडून आठवडेच्या आठवडे एकाच प्रश्नामागे लागतात. फ्रीजमधल्या डब्यांवर चिकटपट्टीवर पेनने लिहिलेली मुलांची नावं आणि तारखा होत्या. एक मुलगा म्हणाला, तीन आठवडे त्याचं काहीच जुळलं नाही, मग चूक द्रावणात सापडली. शेवटच्या वर्षी प्रबंध सगळ्यांनाच लिहावा लागतो. इंजिनिअरिंग हवं तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाबरोबरचा जोड कार्यक्रम आहे, पण कॉलेजात तो विभाग नाही.

नोबेलच्या याद्यांवर ठरवू नका. स्वार्थमोरचे डेव्हिड बाल्टिमोर आणि हॉवर्ड टेमिन यांना १९७५ चं, तर हॅवरफर्डचे जोसेफ टेलर यांना १९९३ चं. दोन्हीकडे अभिमान बाळगण्याजोगं खूप आहे. त्यापेक्षा विभागाच्या मजल्यावर जाऊन भिंतीवरची पोस्टर्स वाचा, त्यावर पदवीच्या मुलांची नावं किती ते बघा. मुलांना विचारा: प्राध्यापकांकडे काम कितव्या वर्षी मिळालं, उन्हाळ्यात पैसे कोणी दिले, आणि हवा तो वर्ग भरून गेला तर काय केलं. हे प्रश्न पाल्यालाच विचारू द्या. मी मागे राहिलो तेव्हा मुलं जास्त मोकळी बोलली.

खर्चाचं आधीच बघा. छापील आकडा छातीत धडकी भरवतो, पण मदत मुख्यतः घरच्या उत्पन्नावर ठरते. दोन्ही वेबसाइटवर अंदाजाचं गणकयंत्र आहे. अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला आधी केलेला अर्ज, बंधनकारक असतं: प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं. म्हणून त्या आकड्याशिवाय सही करू नका.

माझं मन हॅवरफर्डवर बसलं होतं. जीवशास्त्र एवढंच पक्कं असतं तर मी तेच सुचवलं असतं. परतीच्या गाडीत दशम्या खाताना लेकीने वही उघडली, तर पानभर त्या सर्किटचं चित्र. अर्ली डिसिजनचा अर्ज स्वार्थमोरला जातोय, हॅवरफर्ड नेहमीच्या फेरीसाठी ठेवलंय.