बोलेरोला मागचा डोळा

आज आपल्या जुन्या बोलेरो पिकअपला एकदाचा रिव्हर्स कॅमेरा बसला. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, आपली गाडी त्याच्या कितीतरी आधीची. टोमॅटोचे क्रेट रचले की आतला आरसा नुसता शोभेला.

कॅमेरा फाळक्यावर नको, हे वायरिंगवाल्या पोरानं आधीच सांगितलं. फाळका पाडला की कॅमेरा जमीन बघत बसतो, आणि माल चढवताना कुणीतरी क्रेट हाणणारच. म्हणून खाली, नंबर प्लेटच्या वर. लाल वायर रिव्हर्सच्या दिव्याला, काळी चासीला. गिअर टाकला की चित्र हजर. खरं डोकं खाते ती कॅमेऱ्याचं चित्र स्क्रीनपर्यंत नेणारी, पिवळ्या पिनेची लांब केबल. सायलेन्सरपासून दूर, चासीच्या आतून, जागोजागी टाय मारत केबिनपर्यंत आणायची. पोरगं बराच वेळ गाडीखालीच होतं, फक्त चपला दिसत होत्या. स्क्रीन आरशावरच क्लिप होते, डॅशबोर्ड उचकायला नको.

स्क्रीनवर मागचं अंतर दाखवणाऱ्या त्या लाल-पिवळ्या रेघांवर मात्र माझा भरवसा नाही. माल भरला की गाडी मागून बसते आणि रेघांचं गणित हुकतं.

संध्याकाळी गाळ्याला गाडी लावताना दादा मागं उभे राहून नेहमीसारखं "येऊ दे, येऊ दे!" ओरडतच होते. म्हटलं, "दादा, दिसतंय मला." तर म्हणे, "तुला दिसतंय, पण मागच्या माणसाला कळायला नको का?"

पावसाळ्यात लेन्सवर चिखल बसणारच. फडकं आत्ताच सीटखाली टाकलंय.