ट्रायलला हवी तीच गाडी मागा: सेडान की हॅचबॅक, माझा अनुभव

बेळगावात गाडीसाठी पैसे जमवणं एकवेळ सोपं, पण हवं ते मॉडेल ट्रायलला मिळवणं महाकठीण. लिहितानाही डोकं तापतं.

घरात आई, बायको आणि शाळेतला मुलगा. मला मात्र कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर ट्रॅक डेला, म्हणजे आपल्यासारख्यांना ट्रॅकवर गाडी चालवू देतात त्या दिवशी, स्वतःची गाडी पळवायची होती. दोन गाड्या परवडत नाहीत, म्हणून एकीतच दोन्ही बसवायचं. एकीकडे ह्युंदाईची हॅचबॅक आय-20 एन लाइन, दुसरीकडे 1.5 टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनवाली सेडान, म्हणजे स्कोडाची स्लाव्हिया किंवा फोक्सवॅगनची व्हर्टस. या दोन्ही सेडानचा सांगाडा आणि इंजिन एकच.

हॅचबॅकची ट्रायल लगेच झाली. 120 पीएस (म्हणजे साधारण अश्वशक्ती), सहा गिअर मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क ब्रेक. तिसऱ्या रेल्वे गेटच्या गर्दीतून अशी सुळकन निघते की मन भरून येतं.

अडलं ते सेडानपाशी. एका शोरूमने 1.5 मॅन्युअल दाखवायलाच नको असं ठरवलं असावं. "गाडी हुबळीहून येऊलालीय की सर, उद्या नक्की." तो उद्या काही उजाडेना. मग एकदा फोन आला, सुट्टी टाकून गेलो, तर दारात 1.0 ऑटोमॅटिक उभी! "इंजिन सोडलं तर सगळं तेच की." अहो, इंजिन सोडून उरलं काय? एक तीन सिलिंडरची, 115 पीएस. दुसरी चार सिलिंडरची, 150 पीएस आणि 250 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद. क्लच किती जड आहे, गिअर कसा पडतो, घाटात तिसऱ्यावर ओढते का, हे ऑटोमॅटिक चालवून कळणार कसं? वर आधी बुकिंग करा, मग गाडी मागवतो, असा आग्रह. मी एक रुपया दिला नाही आणि तुम्हीही देऊ नका. तोंडी बोलण्यात अर्थ नाही हे कळल्यावर इंजिन, गिअरबॉक्स आणि शोरूमला गेल्याच्या तारखा लिहून कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाकली. तेव्हा कुठे मॅन्युअल गाडी दारात आली. सेल्समन खानापूर रोडवर सरळ जाऊन परत येऊ म्हणत होता. मी हट्टाने वंटमुरी घाटात नेली, मागे आई आणि मुलाला बसवून. निकाल तिथेच लागला. भरल्या गाडीत तिसऱ्या गिअरवर चढ चढली आणि आईचे गुडघे पुढच्या सीटला टेकले नाहीत. उतरताना मात्र तिला दाराच्या चौकटीला धरून उठावं लागलं, सीट खालीच आहे. गुडघेदुखी असलेलं माणूस घरात असेल तर त्याला घेतल्याशिवाय ट्रायलला जाऊ नका.

सेडानची डिकी 521 लिटरची, आय-20 ची 311. चोर्लामार्गे गोव्याला चौघांच्या बॅगा घेऊन गेलात की हा फरक आकड्यांत सांगावा लागत नाही.

निव्वळ ट्रॅकसाठी विचाराल तर कारीसारख्या छोट्या, वळणावळणाच्या ट्रॅकवर आखूड हॅचबॅकच जास्त मजा देते, हे मी आजही म्हणतो. सेडानला 150 पीएस देऊनही मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक दिलेत, ते मला पटलेलं नाही. तरीही घेतली सेडानच, कारण ट्रॅक वर्षातून एखादवेळी, आई रोजची.

हो, एक राहिलं. कोल्हापुरातून घेऊन एमएच-09 लाव, असं सांगणारे भेटतील. पत्ता बेळगावचा असेल तर केए-22 च घ्या. दहा ते वीस लाखांच्या गाडीला कर्नाटकात 17 टक्के कर आणि वर उपकर, महाराष्ट्रात पेट्रोलला 12 टक्के. फरक टोचतो, पण तो बजेटमध्ये आधीच धरा.

आणि ट्रॅकवर जाण्याआधी ब्रेक फ्लुइड नवं भरा, पॅड तपासा. नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणीतलं नुकसान मिळत नाही. पॉलिसीतलं ते कलम बायकोलाही वाचायला दिलं, मगच कोइमतूरची तारीख ठरवली.