खटका दाबला, तरी ढिम्म

मेकॅनिकल मॉड, म्हणजे बिनसर्किटचं व्हेप (वाफ ओढायचं यंत्र), उघडून टेबलावर मांडला की बघणारा हमखास विचारतो, "बाकीचं कुठंय?" बाकीचं काही नसतंच. तांब्याची किंवा पितळेची नळी, बुडाशी खटका, आत एक बॅटरी आणि डोक्यावर वाफ करणारा ॲटोमायझर, म्हणजे तापणाऱ्या तारेची कॉइल आणि निकोटीनचा रस शोषणारा कापूस. सर्किट नाही, पडदा नाही, वॅट कमी-जास्त करायची सोय नाही. खटका दाबला की बॅटरी आणि कॉइल थेट जोडली जातात, सोडला की तुटतात. ओढावं की ओढू नये हा वाद ज्याचा त्यानं घालावा. निकोटीनची वकिली करायला मी बसलेलो नाही. मला गोडी आहे ती हे यंत्र रुसतं तेव्हाची. सर्किटवालं व्हेप बिघडलं तर पडद्यावर काहीतरी सूचना झळकवून मोकळं होतं. याला ती सोय नाही. याचं दुखणं आपल्या कानाला, बोटाला आणि जिभेलाच कळावं लागतं.

आधी कान. नळी कानाशी धरून हलवायची. आत खुडखुड ऐकू आली तर बॅटरी सैल आहे, पुढचं काही तपासायची गरजच नाही. १८६५० या आकड्यात बॅटरीचं माप दडलेलं असतं: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. पण हे कागदावरचं माप. एका कंपनीची बॅटरी केसभर लांब, दुसरीची केसभर आखूड, कुणाचं टोक सपाट, कुणाचं उंचावलेलं. म्हणून बऱ्याच मॉडमध्ये बॅटरीला टेकणारी पिन वरखाली करता येते. इथे घाई उपयोगाची नाही. पाव आटा फिरवायचा, झाकण लावायचं, हलवून बघायचं. सैल राहिली तर खटका दाबूनही ढिम्म. जास्त आवळली तर उलटंच संकट: बोट काढलं तरी जोडणी तुटत नाही आणि कॉइल आपली तापतेच आहे. बॅटरी वाजणार नाही, पण खटक्याला थोडी चाल उरेल, एवढंच आवळायचं. ते एकदा जमलं की बोटाला ओळखू येतं, आणि बॅटरी बदलली की पुन्हा पहिल्यापासून.

कधी मॉड चालतो, पण मरगळल्यासारखा. बॅटरी भरलेली, कॉइल नवी, तरी वाफेत दम नाही. अशा वेळी वैद्य पोट दाबून बघतो तसं नळीवरून बोट फिरवावं. जिथे चटका लागतो तिथे रोग. गणित अगदी सरळ आहे. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टची, कॉइल ०.५ ओहमची, म्हणजे करंट ८.४ अँपिअर आणि ताकद साधारण ३५ वॅट. आता आट्यांमध्ये नि खटक्यात साचलेल्या मळाचा रोध फक्त ०.०५ ओहम धरा. ऐकायला नगण्य, पण कॉइलला मिळणारी ताकद ३५ वरून २९ वॅटवर येते आणि जवळजवळ ३ वॅट त्या सांध्यातच उष्णता होऊन बसतात. एवढ्याशा जागेत ३ वॅट म्हणजे बोटाला सहज कळेल इतकं. माझा एक मित्र त्याची तांब्याची नळी बाहेरून आरशासारखी लखलखीत ठेवतो आणि आटे काळेकुट्ट. बाहेरच्या चकाकीतून वीज वाहत नाही, हे त्याला अजून पटलेलं नाही. आटे आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं साफ होतात. पिनेच्या टोकावरचा काळा थर खोडरबरानंही निघतो. मात्र बॅटरी आधी बाहेर काढायची.

खटक्यात दोन पंथ आहेत, स्प्रिंगवाले आणि चुंबकवाले. स्प्रिंगमधूनच करंट जायला लागला की ती तापते, तिचा ताठा जातो आणि ती बसते. चुंबकाच्या खटक्याची चाल लोण्यासारखी मऊ, पण साधे निओडिमियम चुंबक सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे शक्ती गमावू लागतात. म्हणजे तापणं दोघांनाही सोसत नाही. मी स्प्रिंगच्या बाजूचा. बसलेली स्प्रिंग दिसते तरी. थकलेला चुंबक दिसायला होता तसाच.

या सगळ्या खटाटोपात एका जागी मात्र गंमत संपते. बॅटरीचं वरचं तोंड नीट निरखून पाहा. मधली टिकली धन, आणि तिच्याभोवतीची कड? ती ऋण. कारण बॅटरीचं अख्खं धातूचं डबडं ऋण असतं आणि कडेपर्यंत तेच वळून आलेलं असतं. दोघांच्या मध्ये एक पातळ चकती आणि वरून प्लास्टिकचं तलम वेष्टन, बस. हायब्रिड झाकणाच्या मॉडमध्ये ॲटोमायझर थेट बॅटरीवर टेकतो. त्याची पिन बाहेरच्या आट्यांपेक्षा ठळक पुढे आलेली नसेल, तर आट्यांची कड धन-ऋण दोन्हींना एकदम शिवते आणि सरळ शॉर्ट. वेष्टन कडेला फाटलं असेल तरी तीच गत. अशी बॅटरी नव्या वेष्टनाशिवाय वापरू नये, आणि नळीला बॅटरीतला वायू निसटायला भोकं नसतील तर तो मॉड हातात धरायच्या लायकीचा नाही. सर्किटवाल्यात शॉर्ट झाला की सर्किट नकार देतं. इथे नकार देणारं कुणी नाही.

म्हणूनच नवी कॉइल बसवली की आधी ओहम मीटरवर मोजायची, मगच मॉडवर. जॉर्ज ओहमनं १८२७ साली मांडलेला नियम इथे कुणालाही सवलत देत नाही. रोध निम्मा केला की करंट दुप्पट आणि ताकदही दुप्पट. ०.२५ ओहमला जवळपास १७ अँपिअर. ०.१ ओहमला ४२, आणि एवढा करंट सतत देणारी प्रामाणिक १८६५० मिळणं कठीण. वेष्टनावर छापलेले मोठमोठे आकडे बहुधा क्षणभराच्या झटक्याचे असतात. वाफेच्या मोठ्या ढगांच्या हौसेपायी ओहम खाली खाली नेणाऱ्यांचं मला कधीच कौतुक वाटलं नाही.

उरली कॉइल. कापूस न घालता खटका क्षणभर दाबून सोडायचा, पुन्हा दाबायचा. तार मधून लालसर होत दोन्ही टोकांकडे पसरली तर ठीक. एखादाच वेढा आधी पेटला तर खटका सोडून सिरॅमिकच्या चिमट्यानं वेढे एकमेकांशी दाबून घ्यायचे. मग कापूस. तो ओढताना किंचित अडला पाहिजे, पण तार हलता कामा नये. ठासून भरला तर रस कॉइलपर्यंत पोचत नाही, सैल भरला तर खालून गळतो.

बॅटरी उतरायला लागली की चव हळूहळू फिकी पडते. ती साडेतीन व्होल्टच्या आसपास आली की काढून चार्जिंगला लावावी. फार खाली नेली तर बॅटरीच खराब होते. पण चव फिकी नसून करपट येत असेल, तर पिन, खटका, आटे कशालाच हात लावू नका. कापूस बदला.